दुपारी तीनची साखर

केसांवरून मला कोणी काही बोललेलं आजही खपत नाही. टक्कल पडलेल्या माणसाचं बरं असतं. लोक त्याला दोन-चार वर्षं चिडवतात आणि मग विसरतात. मला टक्कल नव्हतं, मला चाई पडली होती. डोक्यावर रुपयाएवढे गोल, गुळगुळीत चट्टे. आधी कानामागे एक, मग टाळूवर तीन, मग दाढीतही एक. चाळिशी उलटलेला, चिमूरच्या बाजारओळीत रक्त-लघवी तपासायची लॅब चालवणारा माणूस मी. सुई टोचायला वाकलो की समोरच्याला आधी माझं डोकं दिसायचं. दुकानात तरी लोक गप्प बसायचे. नातेवाईक कुठले गप्प बसणार?

साळ्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला बसलो होतो. साळा वाढता वाढता थांबला, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जवाईबापू, उंदरानं कुरतडलं का?"

पंगत खदखदून हसली. माझी बायकोही हसली. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण मी पाहिलं. साळ्याचं मला काही वाटलं नाही, तो माणूसच तसा आहे. बायकोचं हसणं मात्र मी मनात धरून ठेवलं. मी असाच आहे. एखादी गोष्ट लागली की ती मी वर्षानुवर्षं सोडत नाही.

त्याच साळ्यानं मग उपकार केल्यासारखा पत्ता दिला. भद्रावतीला एक जण केसांची पुडी देतो, त्याच्या गावच्या तिघांना गुण आला होता. एका रविवारी मी गेलो. हा पुडीवाला पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता. आता घराच्या ओट्यावर टेबल मांडून बसायचा. टेबलावर काचेच्या बरणीत मुळ्या ठेवल्या होत्या. पुढे मी त्याच्याकडे पाच-सहा वेळा गेलो. त्या मुळ्या कधी कमी झालेल्या मला दिसल्या नाहीत.

"जंगलाची दवाई हाय भाऊ, साइड इफेक्ट काहीच नाई," तो म्हणाला. "नाश्ता झाल्यावर एक पुडी. उपाशी नोका घेऊ. आन् मधात बंद नोका करू."

"काऊन?" मी विचारलं.

"मधात सोडली का उलटते."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. जंगलातली मुळी मध्येच बंद केली तर का उलटावी, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडायला हवा होता. मी रोज दहा औषधांच्या चिठ्ठ्या वाचतो. पण आरशासमोर उभं राहिलं की माझी अक्कल चरायला जायची.

दीड महिन्यात केस आले. आधी पांढरी लव, मग काळे. दाढीतला चट्टा भरला. भूकही वाढली, दोन पोळ्यांच्या जागी चार जाऊ लागल्या. चेहरा गोल झाला. बाजारात लोक म्हणायचे, "तब्येत सुधरली भाऊ तुमची." मीही मिशीवरून हात फिरवून हो म्हणायचो.

आता माझी एक सवय सांगायला हवी. सकाळी लॅब उघडली की मशीन बरोबर चालते की नाही हे पाहावं लागतं. त्यासाठी बाटलीत एक तयार द्रावण मिळतं, त्याचा साखरेचा आकडा आधीच ठाऊक असतो. ते कधी संपायचं, कधी उशिरा यायचं. म्हणून मी वर्षानुवर्षं माझंच रक्त वापरत आलो. सकाळी सातला, उपाशीपोटी, पहिली सुई माझ्या बोटाला. माझी साखर नव्वदच्या आसपास. मशीननं नव्वद दाखवले की मशीन ठीक, मग गिऱ्हाईक घ्यायचं. किराणावाला मापाच्या दगडावर ठेवतो तसा मी माझ्या रक्तावर विश्वास ठेवत होतो. त्या विश्वासाचा मला गर्व होता, आणि तो मी चारचौघांत सांगायचोही.

माझे केस आले त्याच हिवाळ्यात बायकोला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि दोन महिन्यांनी तिचे केस गळू लागले. फणीत पुंजके यायचे, मोरीच्या जाळीत अडकायचे. तिचे केस कंबरेपर्यंत होते, लग्नाच्या वेळी तिच्या आईनं पहिल्यांदा तेच दाखवले होते. एके दिवशी ती अंगणात केस विंचरत होती. मी म्हणालो, "उंदीर आता तुह्या डोक्यावर आला वाटते."

ती हसली नाही. "तापाचे हायेत," एवढंच म्हणाली. "येतीन आपोआप."

मी ऐकलं नाही. मला वाटत होतं की मी तिच्या भल्यासाठी बोलतोय. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात भलं अर्धं होतं आणि पंगतीतलं तिचं हसणं अर्धं. मी भद्रावतीहून तिच्यासाठीही पुड्या आणल्या. ती नको म्हणायची, मी पुडी फोडून पाण्याच्या पेल्यासह तिच्या हातात द्यायचो आणि गिळेपर्यंत समोर उभा राहायचो. असे चार-पाच दिवस गेल्यावर ती निमूटपणे घेऊ लागली.

उन्हाळा संपता संपता तिला तहान लागू लागली. माठाजवळून हलेना. लघवीला सारखी जायची, डोळ्यांपुढे धूसर दिसतं म्हणायची. साखरेची ही लक्षणं मी रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. मी दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणू नये. मी तपासलं. सकाळी माझ्या सुईनंतर दुसरी सुई तिची. अठ्ठ्याण्णव. आठ दिवसांनी एकशे चार. पुन्हा एकशे एक.

"काहीच नाई तुले," मी म्हणालो. "उगाच कुरकुर करून राह्यली."

"मंग तहान काऊन लागते?"

"उकडून राह्यलं म्हणून. साऱ्या दुनियेले लागून राह्यली."

पुढे तिनं काही सांगायला तोंड उघडलं की माझं एकच उत्तर ठरलेलं असायचं: सकाळची किती आली, ते सांग. आकडा सांगितला की तिचं बोलणं बंद व्हायचं. मला वाटायचं, तिला पटलं.

आषाढात ती रोवणीला माहेरी गेली, आरमोरीच्या बाजूला. आमच्याकडे काही शेती नाही, पण दरवर्षी ती भावाच्या बांधीत दोन दिवस हौसेनं धान लावायला जायची. त्या चिखलात तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला काहीतरी टोचलं. बारीकशी जखम. घरी आली, हळद लावली, मलम लावलं. राखी आली तरी जखम भरेना. जोडव्याखाली बोट सुजलं आणि कडेनं काळपट दिसू लागलं. मी म्हणालो, पाय ओला ठेवते म्हणून असं होतंय. सकाळी परत तिची साखर पाहिली. एकशे सात. जरा वर, पण चालेल अशी.

माझ्या मागे भिंतीवर तेव्हाही एक पाटी होती, मीच रंगवून घेतलेली: साखर तपासणी, उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायचा कंटाळा करी तेव्हा मी त्या पाटीकडे बोट दाखवून ओरडायचो. घरच्या माणसाला काय ओरडायचं, ती तर घरचीच.

पोळ्याच्या आधी मशीन बंद पडली. नागपूरहून मेकॅनिक आला. शांत माणूस, मला असे शांत लोक आवडत नाहीत. त्यानं दुपारी तीनपर्यंत खोलून जोडून ठेवलं आणि म्हणाला, "पाहा आता चालवून." मी सवयीनं माझं बोट टोचलं. तीनशे बारा.

"बिघडलेलीच हाय अजून," मी म्हणालो.

तो म्हणाला, मशीन आता बरोबर दाखवतेय. मी म्हणालो, वीस वर्षं झाली लॅब चालवून, माझी साखर नव्वद असते, मला शिकवू नका. तेवढ्यात बायको त्याच्यासाठी चहा घेऊन आली. मी तिला हात पुढे करायला सांगितला. तीनशे चौऱ्याण्णव.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. मी मेकॅनिकला म्हणालो, "पाहा, दोघायचीबी गलत दाखवून राह्यली!"

त्यानं पिशवीतून त्याची द्रावणाची बाटली काढली, तपासली. आकडा बाटलीवर होता तोच आला. मग त्यानं स्वतःचं बोट पुढे केलं. एकशे आठ. त्यानं आमच्याच गावच्या खाणावळीत एक वाजता पोटभर जेवण केलं होतं.

"भाऊ, मशीन ठीक आहे," तो म्हणाला आणि औजारं भरू लागला.

बायको चहाचा कप हातात धरून तशीच उभी होती. ती पाटी वाचत होती. इतकी वर्षं ती पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती, पण त्या दिवशी तिनं ती शाळेतल्या मुलीसारखी शब्दाशब्दानं वाचली. मग म्हणाली, "माही जेवणानंतरची तुमी कधी घेतलीच नाई."

मी मेकॅनिकवर खेकसलो की चहा निवून राहिला आहे.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आधी दवाखान्यात जाऊ. मी म्हणालो, आधी त्याला पाहतो. मला पुडीचा संशय तेव्हाच आला होता, कारण घरात आम्हा दोघांत सारखी गोष्ट तेवढी एकच होती. पहिल्या बसनं वरोऱ्यावरून भद्रावतीला गेलो. ओट्यावर चार गिऱ्हाइकं बसली होती. मी त्यांच्यासमोरच विचारलं, पुडीत काय घालतोस?

"जडीबुटी."

"आमाले दोघायले साखर झाली."

त्यानं मला आपादमस्तक पाहिलं. "तुमच्या घरी कोणाले होती का साखर?"

"आईले होती."

"मंग माह्या पुडीचं नाव काऊन घेता?" तो गिऱ्हाइकांकडे वळून हसला. "आन् तुमी तं लॅबवाले न भाऊ? तुमालेच नाई समजलं?"

ते चौघंही हसले. पंगतीत हसले होते तसेच. मी बरणी उचलली आणि ओट्यावर आपटली. काचा उडाल्या, मुळ्या पसरल्या. एक मुळी मी उचलून नाकाशी धरली, तिला धुळीशिवाय कशाचाच वास नव्हता. मग लोकांनी मला दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडलं. बसमध्ये बसलो तेव्हा माझ्या तळहातातून रक्त येत होतं आणि मी मनातल्या मनात त्याला आणखी शिव्या घालत होतो. घरी आलो तो राग घेऊनच आलो. फळीवरचा डबा काढला, दोघांच्या उरलेल्या सगळ्या पुड्या एकेक करून फाडल्या आणि नालीत सोडल्या. पावसाचं पाणी भरून वाहत होतं. बायको दारात उभी राहून पाहत होती. मला वाटलं, नवरा आपल्यासाठी काहीतरी करतोय हे तिला दिसतंय.

तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. उलट्या, अंग गार, उभं केलं की डोळे फिरायचे. माझेही पाय थरथरत होते, पण ते रागानं असेल असं मी समजलो होतो. गाडी करून चंद्रपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावून सगळं विचारलं. पुडी, किती महिने, कधी बंद केली. "समजलं त्याच दिवशी फेकून दिली," मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी ती तारीख कागदावर लिहून घेतली. मग समजावून सांगितलं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून मिसळलेलं असतं. चाईचे केस त्यानं येतात, म्हणून लोकांना गुण दिसतो. पण त्यानं साखर चढते, आणि ती दुपारनंतर चढते. सकाळी पुडी घेतली की दिवसभर वर, दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी पाहावं तर जवळजवळ सरळ. आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. एकदम बंद केलं तर माणूस असा कोसळतो. हळूहळू कमी करावं लागतं.

मधात सोडली का उलटते. पुडीवाल्याला ठाऊक होतं. त्या हरामखोरानं मला सांगितलंही होतं.

"म्हणजे साखर पुडीनंच झाली न?" मी विचारलं. मला कागदावर हवं होतं. तो कागद घेऊन मी पोलिसात जाणार होतो.

"असू शकतं," बाई म्हणाल्या. "यांना आतून साखर येतच असेल, पुडीनं ती लवकर बाहेर आली, असंही असू शकतं. खात्रीनं सांगायचं तर पुडीच तपासायला पाहिजे. एखादी उरली आहे का?"

मी लोकांचे नमुने सांभाळून पोट भरतो. बाटलीवर नाव, वेळ, तारीख. लघवीची डबी उलटली तर गिऱ्हाइकाला शिव्या देतो. आणि मी माझ्या हातानं एकूण एक पुडी नालीत सोडली होती. भद्रावतीचा तो माणूस आजही ओट्यावर बसतो. नवी बरणी घेतली आहे असं साळा सांगतो.

आम्ही खोलीत परतलो. बाईंनी बायकोच्या केसांची चौकशी केली. टायफॉइडचं ऐकल्यावर सहज म्हणाल्या, "तापानंतर गळालेले केस चार-सहा महिन्यांत परत येतात. औषध लागतच नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती छताकडे पाहत पडून राहिली. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पायाचं ते बोट काढावं लागलं. तेच, जोडव्याचं. सुजेमुळे जोडवं निघत नव्हतं, कापून काढलं. सिस्टरनं ते कागदात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि घरी गेल्यावर बायकोला द्या म्हणाली. घरी आल्यावर मी ते पुढे केलं. बायको म्हणाली, "कोणत्या बोटात घालू?" ते आता लॅबच्या खणात आहे, सुयांच्या डब्यामागे.

आम्हा दोघांनाही डॉक्टरीणबाईंनी मोजक्या गोळ्या दिल्या आणि आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी साखर गेली. सकाळचीही सरळ, दुपारचीही सरळ. चाई परत आली, आता डोक्यावर सात चट्टे आहेत. बायकोचे केस दाट आले आहेत, कंबरेपर्यंत. तिची साखर मात्र गेली नाही. मीच पुडी आणली, मीच पेला हातात दिला, आणि सुटलो मी. याचा मला इतका राग येतो की कधी कधी मशीनसमोर बसून दात आवळले जातात. कोणावर काढणार? साळ्यावर काढून झाला, तो आता फोनही उचलत नाही.

माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, दोन वर्षांपूर्वी दुसरी लॅब उघडली आहे. पोरगेलासा चालक आहे. माझी अर्धी गिऱ्हाइकं त्यानं नेली. महिन्यातून दोनदा, दुपारचं जेवण आटोपून दोन तास झाले की माझी बायको घरातून निघते. लंगडत माझ्या दारावरून जाते, रस्ता ओलांडते आणि तिथल्या बाकावर रांगेत बसते. आख्खी बाजारओळ पाहते. पहिल्यांदा मी धावत जाऊन म्हणालो होतो, घरी मशीन असताना हे काय चाललंय, लोक काय म्हणतील? तिनं बोट पुढे केलं. त्या पोराला म्हणाली, "जेवणानंतरची हाय, लिहून घे."

परवाही गेली होती. मी गिऱ्हाईक नसतानाही खुर्चीवरून उठून दारात उभा होतो. ती कागदाची चार घड्या घालून परत आली, मुठीत धरला होता. माझ्या पायरीपाशी क्षणभर थांबली, पाय दुखत असावा. मी विचारलं, "किती आली?"

पायावरून नजर न काढता ती म्हणाली, "तुमची सकाळची किती आली, ते सांगा."